औटकी

नववी क, शुक्रवार, शेवटचा तास.
खिडकीबाहेर सीगल एकमेकांच्या चोचीतल्या चिप्स हिसकावताहेत,
आत माझं औट घटकेचं राज्य:
सत्तावीस मुलं आणि एक हीटर, उतरत्या भाजणीतला.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
मुलांच्या जगातून गणित काढा.
ग्रिम्सबीत जग म्हणजे मासे.
गुरुवारची रात्र जागून मी कागदावर हॅडॉक कापले,
धुरी देण्याआधी वजन इतकं, नंतर इतकं,
कोपऱ्यात एक हसरा मासा.

ब्रोडी सावरबीने कागद नाकाजवळ नेला. हुंगला.
"मिस, बाबा पहाटे तीनला जातात त्या धुरात.
वास शनिवारीसुद्धा जात नाही अंगाचा.
इथे तरी मासे नकोत."
आणि बाकावर डोकं टेकून झोपला.
मी ओरडले नाही.
त्या हसऱ्या माशाची मलाच लाज वाटली.

मग फळ्यावर नुसतेच आकडे.
साडेतीन गुणिले सात.
मार्कर सुकलेला, मी तो झटकतेय,
आणि तोंडातून निसटलं:
सात औटे साडेचोवीस.

सहा वर्षं लपवलं होतं हे.
स्टाफरूममध्ये, बँकेत, बसच्या सुट्ट्या पैशांत
मी बोलते इंग्रजी,
मोजते मात्र कराडच्या मोरीबाहेर उभी राहून.
अण्णा दाढी करता करता विचारायचे,
ब्रश थांबायच्या आत उत्तर हवं.

"काय म्हणालात?"
डोकं बाकावरच, एक डोळा उघडा.
"औट. म्हणजे साडेतीन. आमच्याकडे त्याचा पाढा असतो."
"साडेतीनचा पाढा?
इतकं कुणाला लागायचं साडेतीन?"

मी तोंड उघडलं. मिटलं.
आमच्यात पाठ करायचं असतं,
चौकशी करायची नसते.
"माहीत नाही," मी म्हटलं,
आणि वर्ग पहिल्यांदा माझ्याकडे बघू लागला.

सप्टेंबरपासून मुकी बसलेली रुगिले
मागून म्हणाली, "आमच्या लिथुआनियनमध्ये दीड आहे.
पुसांत्रो."
पुसांत्रो, म्हणाली सव्वीस तोंडं.
पाऊण. सव्वा. अडीच. औट.
अडीचच्या "ड"वर तर सगळ्यांच्या जिभा अडखळून पडल्या.
घंटा झाल्याचं
शेजारच्या वर्गाने भिंत ठोकून कळवलं.

दारात ब्रोडी.
"दोन तृतीयांशला काय म्हणता?"
"दोन तृतीयांश."
"म्हणजे शब्द नाहीये."
"बाजारात लागला नसेल."
"मग ती जागा रिकामी आहे?"
जणू पार्किंगबद्दल विचारतोय.

सोमवारी त्याने शब्द आणला: ब्लेग.
बसच्या तिकिटामागे नियम,
तीन ब्लेग म्हणजे दोन.
दीड ब्लेग म्हणजे एक.
ब्लेगचा ब्लेग अर्ध्याहून जरा कमी,
आणि खाली: हे पटत नाही, पण तीनदा केलं.

वर्ग तपासायला आलेल्या बाईंनी शेरा मारला:
उत्साह दिसतो. शब्दसंग्रह अभ्यासक्रमाबाहेरचा.

नाताळआधीची चाचणी.
ब्रोडीला चाळीसपैकी अकरा. मागे नऊ होते.
ह्याला कुठलाही आलेख प्रगती म्हणणार नाही.
चौदाव्या प्रश्नाचं उत्तर चार,
त्याने लिहिलंय: सहा ब्लेग.
उत्तरसूचीनुसार मी पेनाने शून्य दिलं,
शेजारी पेन्सिलीने एक बरोबरची खूण,
खोडता येईल अशी.
अजून खोडलेली नाही.

रात्री दीडला कराडला फोन लावला,
तिथे सकाळचे सात.
"अण्णा, औट इतकं कुणाला लागायचं हो?"

पलीकडे
बराच वेळ
ब्रश थांबलेला.